नाही म्हणायला काय लागतं

नकार द्यायला शिकवणारी पुस्तकं आता मराठीतही पुष्कळ मिळतात. त्यातल्या बहुतेकांचं मूळ १९७०च्या दशकातल्या अमेरिकेत सापडतं. मॅन्युएल स्मिथ या मानसशास्त्रज्ञाचं ‘व्हेन आय से नो, आय फील गिल्टी’ १९७५ साली आलं आणि तुफान खपलं. त्यातली एक युक्ती अशी की समोरचा कितीही बोलो, आपण आपलं एकच वाक्य न चिडता, न वाढवता पुन्हा पुन्हा म्हणत राहायचं. युक्ती खरोखर चांगली आहे. क्रेडिट कार्ड विकणाऱ्यावर चालते, विमा एजंटावर चालते. केळशीत ती चुलतसासऱ्यांवर चालवून बघावी. पहिल्यांदा ते ऐकतील, दुसऱ्यांदा गप्प बसतील, आणि चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवात सगळ्यांदेखत विचारतील, “काय गं, बरी आहेस ना?” त्या पुस्तकांतला समोरचा माणूस दार लावलं की संपतो. इथला संपत नाही.

ही पुस्तिका अशा न संपणाऱ्या माणसांमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणूनच तिला एवढी लांबलचक प्रस्तावना जोडायचं धाडस करतो आहे.

केळशी हे दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाचं, खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. नारळी-पोफळीच्या बागा, त्यांमधून जाणाऱ्या अरुंद पाखाड्या, देवीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी अभ्यासलेली ती वाळूची उंच टेकडी. पर्यटकाला एवढं पुरतं. राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते: इथे पूर्ण परकं असं कुणी नाही. ज्याला आज नाही म्हणायचं, त्यालाच उद्या पंपाची मोटर बघायला बोलवायचं असतं, आणि परवा त्याच्याच रिक्षातून सासूबाईंना दापोलीला डॉक्टरांकडे न्यायचं असतं. म्हणून इथे नकार सहसा दिला जात नाही, लांबवला जातो. ‘बघू.’ ‘यांना विचारून सांगते.’ ‘मुंबईचा भाऊ गणपतीत येईल, तेव्हा बसू.’ ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, तोही पुढे रेटत नाही, आणि दोघांचीही अब्रू राहते. शहरातली मंडळी याला कोकणी माणसाचा तिरकेपणा म्हणतात. मला तो सभ्यपणा वाटतो, आणि तो मोडून काढायची गरज नाही.

अडचण तेव्हा येते जेव्हा मागणारा ही रीत जाणत नाही, किंवा जाणूनही न जाणल्यासारखं करतो. बाहेरून आलेला पर्यटक, जमिनीचा एजंट, मुंबईच्या ऑफिसातला साहेब. त्यांच्या कानाला ‘बघू’ म्हणजे ‘हो’.

मे महिन्यातली एक सकाळ घ्या. राहण्या-जेवणाची घरगुती सोय करणारी बाई विळीवर नारळ खवते आहे. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला. “ताई, आठ जण आहोत, दोनपर्यंत पोचतो. उकडीचे मोदक पण हवेत हं.” “आधी कळवायला हवं होतं हो.” “अहो, तेवढं करा ना, तुमच्या हातची चव कुठे मिळणार!” “बघते.” फोन बंद. पलीकडे आठ जणांचं जेवण ठरलेलं आहे. इकडे तिचं काहीच ठरलेलं नाही, पण पुढच्या पंधरा मिनिटांत ती आतल्या जावेला हाक मारते, शेजारच्या वहिनींना पिठी मागते, मुलाला मासळीला पिटाळते. जाऊ दुपारी जरा पडणार होती. तिला कुणी विचारलेलं नाही. एका बाईच्या ‘बघते’मधून दोन बायकांची दुपार आणि एका पोराचा अभ्यास खर्ची पडतो, आणि हे बिलात कुठेच लागत नाही. न दिलेल्या नकाराची किंमत बहुतेक वेळा तिसराच कुणीतरी भरतो.

त्या घरात पुढच्या हंगामात ओटीवर एक पुठ्ठा लागला: ‘जेवणाची सूचना आदल्या रात्री आठपर्यंत.’ त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवरही ठेवला. बाई तीच, स्वभाव तोच, आवाजसुद्धा पूर्वीसारखाच मऊ. फक्त आता ती म्हणू शकते, “लिहिलेलंच आहे हो, मी काय करू?” नाही म्हणायचं काम पुठ्ठा करतो.

मागणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हे बऱ्याचदा खरंच कळत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना सांगितलं, अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणा. आणि आधी सांगा, त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल? अंदाज आला साधारण वीस. प्रत्यक्षात दहाच पुरले. मागणारा फक्त कामाचा त्रास मोजतो: इतकं काम, इतका वेळ, कोण कशाला करेल? तोंडावर नाही म्हणण्याचा संकोच केवढा असतो, हे त्याच्या हिशेबात येतच नाही. हे न्यूयॉर्कमधल्या अनोळखी माणसांचं. मामेभावाच्या बाबतीत दहाचे पाचच होत असतील.

आता मुद्द्याकडे. ‘आत्मविश्वासाने नाही म्हणा’ असं सांगणारे आत्मविश्वास हा स्वभावाचा गुण धरून चालतात, म्हणजे एकाकडे तो असतो आणि दुसऱ्याने तो आरशासमोर उभं राहून कमवायचा. मला हे फारसं पटलेलं नाही. ज्यांचे नकार टिकले त्यांच्याकडे नीट पाहिलं तर त्यांच्या धैर्याखाली काहीतरी भक्कम सापडतं: स्वतःची मिळकत, सोबत उभी राहिलेली चार माणसं, किंवा कागदावर लिहिलेला नियम. असं काही नसताना दिलेला नकारही थोर असू शकतो, पण तो देणाऱ्याचं पुढे काय झालं हेही बघावं लागतं.

केळशीहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की आंजर्ले, हर्णै आणि मग मुरुड. तिथले धोंडो केशव कर्वे. १८९१ साली त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या आणि त्याच वर्षी ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला रुजू झाले. वय तेहतीस. अशा विधुराने आपल्या निम्म्याहून कमी वयाची कुमारिका करायची, ही तेव्हाची सर्वमान्य रीत. कर्व्यांनी ती नाकारली. लग्न केलं तर विधवेशीच करीन म्हणाले. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई त्यांच्या मित्राची बहीण, देवरुखची, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. त्याच पुढच्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे.

पुण्यात गदारोळ झाला, पण कॉलेजातली नोकरी राहिली, मित्र राहिले, हातात पगार होता. मुरुडला मात्र गावसभा बसली. कर्व्यांच्या पंक्तीला-बैठकीला कुणी बसायचं नाही, ते असतील त्या सभेला जायचं नाही, आणि ते गावी आल्यावर घरच्यांनी त्यांना घरात राहू दिलं तर त्या घरालाही वाळीत टाकायचं. ज्या गावासाठी कर्व्यांनी खपून ‘मुरुड फंड’ उभा केला होता, तेच हे गाव. मुलगा पुण्याला आपल्या संसारात. आई आणि भाऊ मुरुडात, त्याच विहिरींवर, त्याच आळीत. गावी गेल्यावर आईच्या घरात त्यांना मुक्काम नाही. नकार पुण्यात दिला गेला आणि त्याचं बिल मुरुडला पोचलं.

हे कर्व्यांना उणं ठरवायला लिहिलेलं नाही. त्यांनी ते ओझं वर्षानुवर्षं निमूटपणे वाहिलं, त्यातून हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ उभं राहिलं. पण मुरुडच्या त्या घरातल्या म्हाताऱ्या आईने रोज सकाळी पाण्याला जाताना काय सोसलं असेल, याचा विचार आपल्याकडच्या चरित्रांत फार कमी येतो. रामदासांची कथा सांगताना आपण हेच करतो. ‘सावधान’ ऐकून बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला म्हणून आपण कौतुक करतो. अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या मुलीबद्दल विचारावंसं फारसं कुणाला वाटत नाही.

कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांच्या नकाराखाली तर फार कमी जमीन होती. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रसंग आला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, पैशाची ओढाताण आयुष्यभर संपली नाही. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. कोकणच्या याच पट्ट्यातले हे सगळे लोक, आणि सगळ्यांना आपापलं ‘नाही’ म्हणायला पुण्या-मुंबईत जावं लागलं. ही गोष्ट मला सहज सोडून देण्यासारखी वाटत नाही.

त्याउलट रखमाबाईंचा नकार पाहा. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, नांदायला त्या गेल्याच नाहीत. १८८४ साली त्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलीने सांगितलं, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. १८८९ मध्ये त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या आणि परतून आधी सुरतेला आणि मग राजकोटला डॉक्टर म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं. शाळेत ही गोष्ट एका धीट मुलीची म्हणून सांगतात, आणि धीट त्या होत्याच. पण त्यांच्या नावावर वडिलांची मिळकत होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं घर पाठीशी होतं. खटल्यासाठी समिती उभी राहिली, एडिथ पीची यांच्यासारख्या डॉक्टर मदतीला आल्या. त्याच मुंबईत त्याच वर्षी त्याच वयाच्या आणखी किती जणींना नांदायला जायचं नसेल! त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून त्यांची नावं खटल्याच्या कागदांत नाहीत.

मुरुडच्या गावसभेनंतर सव्वाशे वर्षांनी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा केला: २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर, २०१७ पासून लागू. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. ज्या तक्रारींमुळे हा कायदा व्हावा लागला त्यात कोकणातल्या गावकीच्या तक्रारी बऱ्याच होत्या, हे इथल्या माणसाला सांगायला नको. वर्गणी दिली नाही, अमक्याला मत दिलं नाही, मुलीने जातीबाहेर लग्न केलं. कायदा आला म्हणून गावकीचा धाक गेला असं नाही. पण वाळीत टाकलेल्या घराला पोलीस ठाण्यात दाखवायला एक कागद मिळाला. १८९३ साली कर्व्यांच्या आईकडे तो नव्हता.

एकट्याने नाही म्हणणं आणि दोघांनी म्हणणं यात दुपटीचा फरक नाही, कितीतरी जास्त आहे. सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची, शेजारी आणखी तीन, आणि विचारायचं, या तिनांतली कोणती पहिलीएवढी लांब? खोलीतले बाकीचे सगळे आधी पढवलेले, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही त्या एकट्या माणसाची साधारण तिसरा हिस्सा उत्तरं गर्दीच्या मागे गेली. मग खोलीत खरं बोलणारा एकच सोबती बसवला, आणि गर्दीमागे जाण्याचं प्रमाण आधीच्या पाव हिश्श्याच्या आसपास उतरलं. सोबती हुशार किंवा वजनदार असायची गरज नव्हती. असला की पुरे.

महाराष्ट्रातल्या बायकांना हे ॲश वाचून कळलेलं नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर पुरेशा सह्या जमवून मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. यातला सगळ्यात शहाणा भाग मतदान गुप्त असणं हा आहे. नवरा दुकानात बसणारा असला, दीर दुकान चालवणारा असला, तरी पडद्यामागे शिक्का कुठे मारला हे कुणालाच कळत नाही. दुकानदाराच्या तोंडावर नाही म्हणायचा धीर गावात एखादीलाच असतो. पडद्यामागे तो बहुतेकींना होतो.

आणि कोकणी माणसाला नाही म्हणता येत नाही, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. वर्षभर साहेबापुढे मान तुकवणारा मुंबईचा चाकरमानी ऑगस्ट-सप्टेंबरात काय करतो? दोन महिने आधीच कोकण रेल्वेचं तिकीट काढतो, आणि साहेबाने ‘या वर्षी जरा अवघड आहे’ म्हटलं तर शांतपणे सांगतो, “सर, गणपतीला मी नसणार.” जरूर पडली तर ‘राजीनामा घ्या’ म्हणायचीही तयारी असते. हा माणूस एकाएकी धीट झालेला नसतो. तारीख पंचांगात छापलेली आहे, तिकीट खिशात आहे, गावाला आख्खं घर वाट बघतंय, आणि आळीतल्या बाकी सगळ्यांनीही आपापल्या साहेबांना हेच सांगितलेलं आहे. हीच तयारी रविवारच्या फोनसाठी, रात्री दहाच्या मेसेजसाठी, दुसऱ्याच्या टेबलावरून सरकलेल्या फाइलसाठी करता येत नाही का? करता येते, पण आधी करावी लागते. साहेबाने काम सोपवल्यानंतर जे रडगाणं वाटतं, तेच महिनाभर आधी सांगितलं तर नियोजन ठरतं. कामाच्या वेळेनंतर फोन न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही.

जिथे कायदा आहे तिथे तो पाठ तरी असावा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांवर दर वर्षी नवनवी सर्वेक्षणं येऊन पडतात. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २७: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. एकट्या गुरुजींनी हे बीडीओ साहेबांपुढे म्हणून दाखवणं कठीण आहे, कबूल. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या सह्यांनी एका पानाचं निवेदन गेलं आणि त्यात हे कलम असलं, की निदान उत्तर लेखी द्यावं लागतं. लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की बरीच कामं आपोआप परत जातात.

या पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण जामिनावर आहे. ते योग्यच आहे, कारण मराठी घरांत ‘नाही’ न म्हटल्यामुळे सर्वांत जास्त पैसा, आणि पैशाहून जास्त नाती, या एका सहीत बुडाली आहेत. पतपेढीचा फॉर्म घेऊन कुणीतरी येतं. मावसभाऊ, जुना सहकारी, मुलीच्या सासरचं माणूस. चहा होतो. मग फॉर्म उलटा फिरवून पुढे सरकवला जातो, सहीच्या जागी पेन्सिलीने आधीच फुली मारलेली असते. “फक्त सही. हप्ते मीच भरणार आहे.” तो खोटं बोलत नसतो. त्या क्षणी त्याला खरंच भरायचे असतात. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. कर्ज थकलं की वसुली आधी कर्जदाराकडे आणि मग तुमच्याकडे, असा क्रम कायद्यात नाही. सरळ तुमच्याकडे येता येतं, आणि तुमचा पगार नियमित असेल तर येतातही तुमच्याकडेच, कारण तिथून पैसे मिळतात. सही करताना आपण कर्ज घेतो आहोत असं समजूनच करावी. तेवढी रक्कम आपल्याला भरता येईल का, आणि भरल्यावर त्या माणसाचं तोंड बघावंसं वाटेल का, हे दोन प्रश्न चहा संपायच्या आत स्वतःला विचारावेत.

मग नाही कसं म्हणायचं? पुस्तिकेत दिलेल्या वाटांपैकी दोन मला फार व्यवहारी वाटल्या. पहिली, घराचा ठराव: आमच्या घरात कुणी कुणाला जामीन राहायचं नाही, हे नवरा-बायकोने आधीच ठरवून टाकायचं, आणि चार ठिकाणी सहज बोलून ठेवायचं. मग नकार मावसभावाला वैयक्तिक लागत नाही, तो सगळ्या गावाला मिळालेला असतो. दुसरी, सहीऐवजी रक्कम. “सही नाही देणार. पण हे पाच हजार घे, परत नकोत.” यात पाच हजार गेले हे पहिल्याच दिवशी कळतं. सहीत किती गेले हे कळायला तीन वर्षं लागतात. खोटं कारण मात्र सांगू नये, असं पुस्तिका बजावते. मी इथे थोडा सैल आहे. ‘माझे आधीच दोन जामीन झालेत’ हे कारण खरं असलं तर उत्तमच, पण नसलं तरी म्हाताऱ्या माणसाने ते वापरलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

जमिनीच्या बाबतीत कोकणाने आपली ढाल फार पूर्वीच शोधून ठेवली आहे: सातबारा. एका तुकड्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली मुंबई, ठाणे, पुणे, आखाती देश इथे पांगलेली. एजंट आला की ‘हिस्सेदार सही देत नाहीत’ एवढं म्हटलं की बैठक आटोपते. कायद्याने आपला अविभाजित हिस्सा विकता येतो, पण घेणारा बिचकतो. ज्या सामाईक सातबाऱ्याला आपण सगळे शिव्या देतो त्याने किनाऱ्यावरच्या किती बागा वाचवल्या असतील कोण जाणे. त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी: हीच ढाल पुढे करून घरातल्या लेकीबाळींना त्यांचा हिस्सा नाकारला जातो, आणि तोही लांबणीवर टाकून, गोड बोलून. ‘बघू’ प्रत्येक वेळी सभ्यच असतं असं नाही. बहिणीला वीस वर्षं ‘बघू’ म्हणणारा भाऊ सभ्य नाही.

म्हणून पुस्तिका वाचताना एक भान ठेवावं. गाव हे बऱ्याच अंशी न विचारता दिलेल्या होकारांवर चालतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा केळशी, आंजर्ले, हर्णै या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागांच्या बागा आडव्या झाल्या. वीज नाही, फोन नाही, वाटा झाडांनी अडलेल्या, त्यात कोरोनाची टाळेबंदी. कोयते-कुऱ्हाडी घेऊन लोक एकमेकांच्या आगरांत उतरले. तेव्हा कुणी कुणाला ‘माझ्या मर्यादा ठरलेल्या आहेत’ असं सांगितलं असतं तर पुढची पन्नास वर्षं ते लक्षात राहिलं असतं, आणि राहायलाच हवं होतं. ऐनवेळच्या मोदकांना नाही म्हणायला शिकायचं ते अशा दिवसांसाठी अंगात ताकद उरावी म्हणून.

शेवटचं प्रकरण नकार ऐकण्यावर आहे. इतर पुस्तकांत ते नसतं; इथे आहे म्हणून ही पुस्तिका मला विशेष आवडली. सासूने सुनेचा, साहेबाने कारकुनाचा, बापाने मुलीचा नकार कसा ऐकावा. कारण खोदून विचारू नये, दुसऱ्या तोंडून निरोप पाठवून दबाव आणू नये, आणि पुढच्या भेटीत चहा नेहमीइतकाच गोड द्यावा, असं तिथे म्हटलं आहे. घरातल्या थोरांनी हे प्रकरण आधी वाचावं आणि पुस्तिका मग धाकट्यांच्या हातात द्यावी.

त्या प्रकरणात धोंडो केशवांची लहानपणची गोष्ट आलेली नाही, म्हणून ती इथे देतो. १८७५ साली सहावीच्या सार्वजनिक परीक्षेला बसायला ते मुरुडहून सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाले. शंभरावर मैल, सह्याद्री ओलांडून. तिथे पोचल्यावर समितीने त्यांच्या लहानखुऱ्या अंगाकडे पाहून ठरवलं की याला सतरा वर्षं पूर्ण झालेली असणं शक्य नाही, आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. वय बरोबर होतं, समिती चुकली होती, आणि वाद घालायला मुलाकडे काहीच नव्हतं. तो मुरुडला परत आला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला.